चौथ्या माणसाची जबानी

हणमंततात्यांच्या हातात कादंबरी देऊ नये, हे मला घर भाड्याने घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. करारात बाकी सगळं होतं. भिंतीला खिळे ठोकू नयेत, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, टाकी भरली की मोटर बंद करावी. हे मात्र नव्हतं.

राजाजीनगरात त्यांचं दुमजली घर आहे. खाली तात्या एकटे, वर मी, माझा नवरा समीर आणि पुण्याहून आणलेली, अजून निम्मी न उघडलेली खोकी. तात्या मूळचे निपाणीचे. बंगळूरला कोर्टात बेंच क्लार्क म्हणून तेहतीस वर्षं काढली. बेंच क्लार्क म्हणजे जज्जसाहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून फायली पुढे करणारा, साक्षीदारांना शपथ देणारा, तारखा लावणारा माणूस. "निकाल सोडून बाकी सगळं आम्हीच करत होतो," असं ते सांगायचे. मला आधी वाटलं, निवृत्तीनंतर राहून गेलेलं ते एक काम आता हे आमच्यावर करणार. तसं झालं असतं तर परवडलं असतं हो! निकाल ते कधीच देत नसत. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, पुन्हा पहिल्याकडे यायचं, आणि मग म्हणायचं, "बघा. दोघांचंही काहीतरी हाय." माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

अंगाने किडकिडीत. घरातसुद्धा पांढरा शर्ट आत खोचलेला, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. बोलताना तुमच्याकडे बघायचे नाहीत, कान तेवढा तुमच्याकडे वळवायचे. आणि एक फुशारकी होती, ती दर आठवड्याला एकदा तरी ऐकावीच लागे. तेहतीस वर्षांत त्यांनी रजा म्हणून काढली नाही. "ताप एकशे दोन, तरी मी टेबलावर." लग्नाला तीन दिवस घेतले होते, त्यातला एक रविवार होता. निवृत्तीच्या वेळी ह्याच कारणासाठी शाल, श्रीफळ आणि एक घड्याळ मिळालं. ते घड्याळ दिवाणखान्यात टांगलेलं होतं. त्यांची बायको ह्या रजांबद्दल काय म्हणत असे ते मला माहीत नाही. आम्ही राहायला यायच्या आधीच ती गेली.

आमच्या कोपऱ्यावर एकदा एका रिक्षाने स्कूटरला घासलं. दोघे खाली उतरले, कन्नडमधून एकमेकांचा उद्धार केला, मग रिक्षावाला म्हणाला, सरी, ठीक आहे, जाऊ दे अण्णा, आणि स्कूटरवालाही म्हणाला, सरी. संपलं होतं हो सगळं! तेवढ्यात तात्या भाजीची पिशवी घेऊन मध्ये. "स्वल्प थांबा. तुम्ही कुठून येत होता?" दोघेही बिचारे सांगायला लागले. सांगता सांगता स्कूटरवाल्याला आठवलं की आपली चूक नव्हतीच. रिक्षावाल्यालाही तेच आठवलं. वीस मिनिटांनी ते पुन्हा हमरीतुमरीवर आलेले, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि तात्या पिशवीतली कोथिंबीर सावरत मला म्हणतात, "आता कुठं खरं बाहेर यायलंय."

माझ्यावर पाळी यायला वेळ लागला नाही. समीरने तिसऱ्यांदा गिझर चालू ठेवला आणि ऑफिसला निघून गेला. मी तणतणत खाली गेले, कारण वीजबिल तात्यांच्या नावाने येई आणि कुणाजवळ तरी बोलायचं होतं. मला हवं होतं एवढंच की त्यांनी "काय हा समीर!" म्हणावं. त्यांनी कागद काढला. संध्याकाळी समीरलाही खाली बोलावलं. आम्हा दोघांची जबानी घेतली, कोर्टात घेतात तशी. मी, मेधा, वय बेचाळीस, धंदा नोकरी, खरे सांगते की. एकेक वाक्य लिहून घेतलं. आणि मग त्यांचा तो ठरलेला विधी. आपण बोललेलं सगळं ते आपल्याला वाचून दाखवायचे, सावकाश, चढउतार न करता, आणि आपण "बरोबर आहे" म्हटल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. "माझा नवरा हा घरातली एकही गोष्ट लक्षात ठेवीत नाही, व त्यास माझी कधीच पर्वा नव्हती." त्या सपाट आवाजात ते ऐकल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका गिझरपायी मी एवढं बोलले होते? "बरोबर आहे?" तात्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुसरं वाक्य काढा. "काढता येत नाही. दुरुस्ती लिहितो." दुरुस्ती लिहिली, माझी सही घेतली. समीर आठवडाभर गालातल्या गालात हसत होता. मला तात्यांचा इतका राग आला होता की त्या महिन्याचं भाडं मी त्यांच्या हातात न देता समीरबरोबर खाली पाठवलं.

आता ती कादंबरी. दर रविवारी चार वाजता तात्यांच्या दिवाणखान्यात आमची वाचनबैठक असे. बनशंकरीहून वीणाताई यायच्या. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून इथलं, मराठी बोलता बोलता दर चौथ्या वाक्याला अय्यो. मारतहळ्ळीहून रोहन यायचा, मूळ नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून केवळ मराठी ऐकायला आणि वीणाताईंच्या चकल्या खायला. प्रत्येकाने वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलायचं, एवढंच काम. रोहनने एकदा फुटपाथवरून उचललेली एक इंग्रजी कादंबरी आणली. मुखपृष्ठ फाटलेलं, त्यामुळे तिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. अमेरिकेतल्या घोड्या-बंदुकांच्या जमान्यातली सूडकथा. एका तरुणावर घोडा चोरल्याचा आळ येतो, चार माणसं चौकशी न करता त्याला झाडाला लटकवतात. त्याचा थोरला भाऊ तेव्हा गुरं हाकत लांब कुठेतरी गेलेला असतो. बारा वर्षांनी तो परत येतो आणि चौघांना एकेक करून शोधून मारतो. रोहनने ती गोष्ट अशी रंगवून सांगितली की वीणाताई चकली तोंडात धरून बसल्या.

"मग त्या चौघांनी काय सांगितलं?" तात्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"त्यांच्यावरच्या आरोपाबद्दल."

"काय तात्या! ते व्हिलन आहेत नं. मरू द्या न बाप्पा त्यांना!"

"असं कसं म्हणायलाय? त्यांनी चौकशी न करता मारलं म्हणून ते वाईट. मग हा काय करायलाय?"

खरं तर मुद्दा चोख होता, तिथेच टाळ्या वाजवून पुढच्या पुस्तकाकडे जाता आलं असतं. पण तात्यांनी पुस्तक ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी बघते तर पान न् पान लाल पेनाने भरलेलं. हा कुठे उभा होता, दोर कुणाचा, घोडा शेवटी सापडला की नाही. आणि त्यांनी फर्मान काढलं की चौघांची जबानी झाल्याशिवाय दुसरं पुस्तक घ्यायचं नाही. पुस्तकात जेवढे धागे आहेत त्यावरून आपण त्या माणसाच्या जागी बसून बोलायचं. रोहन झाला खानावळवाला, ज्याचा दोर होता. वीणाताईंनी गाठ मारणारा केला, आणि काय सांगू, त्या बाईने अशी काही जबानी दिली की शेवटी स्वतःच डोळे पुसत बसल्या. तिसऱ्यासाठी समीरला वरून ओढून आणलं. सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. एका काल्पनिक खुन्याच्या नावाखाली माझ्या नवऱ्याची सही आहे, कुठे बोलायची सोय नाही.

चौथ्यापाशी गाडी अडली. चौथा माणूस म्हातारा झालेला. हिरो येतो तेव्हा तो घराच्या पायरीवर बसलेला असतो. तो म्हणतो, तू येणार हे मला ठाऊक होतं, पण आधी माझं एक ऐक. आणि हिरो गोळी घालतो. पुढे दोन पानांत सूर्यास्त आणि समाप्त.

"काय सांगणार होता तो?" तात्यांनी मला विचारलं. 

मी म्हटलं, माफी मागणार असेल.

"माफी मागणारा 'आधी माझं एक ऐक' म्हणत नाही."

रोहन म्हणाला, खरा घोडेचोर कोण ते सांगणार असेल. तेही पटलं नाही. वीणाताई म्हणाल्या, अय्यो तात्या, लिहिणाऱ्यालाच माहीत नसेल. त्यावर ते लेखकावरच घसरले. तोंडात वाक्य घालून मारतो म्हणजे काय, ह्याला लेखक म्हणायचं का! असे सात की आठ रविवार गेले. मी जिन्यातून उतरले की खालून आवाज येई, "मेधाताई, मला एक सुचलंय." मी दूध आणायला मागच्या दाराने जायला लागले. रोहनने दोन रविवार आजारपणाचा बहाणा केला. वीणाताईंनी तर सांगून टाकलं, एक तर पुस्तकातला तो म्हातारा तरी राहील नाही तर मी तरी.

आणि अशात मला फोन आला. पलीकडून एक माणूस अदबीने बोलत होता. "ताई, मी निपाणीहून बोलतोय. तात्यांचा पुतण्या. ते माझा फोन उचलत नाहीत. मागं बंगळूरला आलो होतो तेव्हा तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडनं तुमचा नंबर घेऊन ठेवला होता. आमच्या आप्पांना बरं नाही. हृदयाचं हाय. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत म्हणून सांगितलंय. एकदा तात्यांना भेटू दे म्हणतायत."

तात्यांना भाऊ आहे, हेच मला माहीत नव्हतं! तीन वर्षं त्या घरात राहत होते मी. खाली जाऊन सांगितलं. तात्या लाल पेनाने काहीतरी खुणा करत होते. 

"मला भाऊ नाही," ते म्हणाले.

मी उभीच राहिले. मग त्यांनी सांगितलं, मान वर न करता. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी आई गेली. सकाळी सातला शेजाऱ्यांकडे फोन आला. ते आठच्या बसने निघाले. निघण्यापूर्वी थोरल्या भावाला, आप्पांना, फोनवर बजावून सांगितलं, मी येतोय, थांब. रात्री आठला निपाणीत पोचले. आप्पांनी दुपारी चारलाच सगळं उरकलं होतं. "राख होती. गरम होती अजून. मी हात लावून बघितला." तसेच ते स्टँडवर परत आले, मिळेल ती बस धरली, आणि तेव्हापासून निपाणीचं नाव काढलं नाही. आप्पांची पत्रं येत. ती कपाटात होती, न फोडलेली.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कुणालाही वाटेल. मी हळूच विचारलं, "पण ते का थांबले नाहीत?"

"मला काय माहीत."

"विचारलं नाहीत?"

तात्या पेनाचं टोपण लावत राहिले.

"एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत?"

आणि मग माझं डोकंच सटकलं. गिझरपासूनचं सगळं त्यात आलं. मी म्हटलं, रस्त्यावरच्या रिक्षावाल्याचं तुम्ही ऐकून घेता! फाटक्या पुस्तकातल्या एका खुन्यासाठी दोन महिने आमचा छळ मांडलाय, तो काय सांगणार होता, काय सांगणार होता! आणि सख्खा भाऊ तिथे जीव मुठीत धरून "माझं एक ऐका" म्हणतोय, तर त्याची पत्रं कपाटात? त्या बंदूकवाल्याने निदान समोर जाऊन तरी मारलं हो!

"ते पुस्तक हाय," तात्या म्हणाले.

"आणि हे?"

"हे माझं हाय."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माझीच लाज वाटली. पण मी माफी मागितली नाही. पाय आपटत वर गेले आणि समीरवर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना. पुढच्या रविवारी खालचं दार बंद. वीणाताई चकल्या घेऊन परत गेल्या. बुधवारी सकाळी तात्या पहिल्यांदाच वर आले, हातात छोटी पिशवी. किल्ली दिली, टाकीचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. "चार दिवस जाऊन येतो," म्हणाले. कुठे ते मी विचारलं नाही.

पाच दिवसांनी आले. मी चहा घेऊन खाली गेले. मनात सगळं चित्र तयार होतं माझ्या, दोघे गळ्यात पडून रडले असतील, आप्पांचं काहीतरी मोठं कारण असेल, पूर आला असेल, गावात दंगल असेल, काहीतरी.

"विचारलं मी," तात्या म्हणाले.

"मग?"

"म्हणाला, आई चार वर्षं दारात बसून तुझी वाट बघायची. दिवाळीला, उरसाला, आंबे आले की. तू येतो म्हणून कळवायचास आणि यायचा नाहीस. जिवंतपणी चार वर्षं ताटकळली, आता मेल्यावर आणखी चार तास तिला कशाला ताटकळत ठेवू? म्हणून उचललं."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. 

"वर म्हणाला, तेहतीस वर्षं रजा काढली नाही म्हणून तुला शाल मिळाली म्हणे. ऐकलं मी."

घड्याळाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. तात्यांनी चहाचा कप बशीत फिरवला. मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला, जो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. "मेधाताई, तुम्ही सांगा. कुणाचं बरोबर? त्याचं का माझं?"

तीन वर्षं ज्या माणसाने कशाचाच निकाल लावून दिला नाही, तो माझ्याकडे निकाल मागत होता. मला रडू आलं. मी म्हटलं, तात्या, चहा गार होतोय.

रविवारी रोहन धीर करून आला. तात्यांनी पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "घेऊन जावा हे. मी समजत होतो, तो म्हातारा स्वतःच्या बाजूचं काहीतरी सांगणार. तसं नाही. तो त्या हिरोबद्दलच सांगणार असंल. भावाला लटकवलं तेव्हा तू कुठं होतास म्हणून. म्हणून तर त्यानं पुरतं ऐकलं नाही." रोहनने माझ्याकडे बघितलं. मी चकल्यांचा डबा पुढे केला.

महिन्याभरात तात्यांनी सामान बांधलं. मला वाटलं होतं, एकदा भेटले, झालं. पण नाही, "चौकशी अपुरी हाय" म्हणे. खालचा मजला कुलूप लावून बंद केला, भाडं बँकेत टाका म्हणाले, आणि निपाणीला राहायला गेले. घर इतकं शांत झालं की मला मोटर बंद करायची आठवण राहीना. दोनदा टाकी भरून वाहिली. ह्या माणसाची आठवण येतेय ह्याचाही मला वैतागच आला.

दिवाळीला आम्ही गाडीने पुण्याला निघालो. निपाणी हायवेवरच लागतं. समीर म्हणाला, जाऊया का? मी म्हटलं, पाचच मिनिटं.

सोप्यात आप्पा आरामखुर्चीत बसले होते. तात्यांपेक्षा थोराड, पण आता हाडं राहिलेली, दोन वाक्यांमध्ये दम खायला थांबत होते. तात्या बाजूला स्टुलावर, शर्ट आत खोचलेला, हातात गोळ्यांची डबी. आम्हाला बघून उठले, हसले, पुतण्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितलं. आप्पांच्या पायांवरची शाल नीट केली. सगळं ठीक दिसत होतं. मला हायसं वाटलं.

"तुम्ही होय मेधाताई," आप्पा म्हणाले. "ह्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. रोज बसवून विचारायचा. आणखी काय राहिलंय का, आणखी काय राहिलंय का. लिहून बी घेतलं." ते दम खायला थांबले. "आता मी एकच विचारायलोय. आठ दिवस झाले. विचारा की तुम्ही तरी. चार वर्षं का आला नाहीस रे?"

मी तात्यांकडे बघितलं. कान वळवून बसणारा तो माणूस पायाखालच्या फरशीकडे बघत होता. गोळ्यांची डबी त्यांनी उघडली, मिटली. मग ती आप्पांच्या शेजारी ठेवून उठले. 

"चहाला दूध बघतो," म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

"दूध आहे की घरात," आतून पुतण्याची बायको म्हणाली. पण ते फाटकाबाहेर गेले होते. खोचलेला शर्ट, वाकलेली मान, रिकामे हात. पिशवीही घेतली नव्हती. वळणावर दिसेनासे झाले.

मला राहवलं नाही. एवढा आजारी माणूस, दिवाळीपर्यंत म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि दिवाळी तर आली होती. मी म्हटलं, "आप्पा, सोडून द्या ना आता. ते नाही सांगणार."

आप्पांनी शाल छातीपर्यंत ओढली, फाटकाकडे तोंड केलं.

"सांगंल," ते म्हणाले. "थांबतोय की मी."